काय गेलं ते सांगा

चिकनचा पांढरा कुर्ता घातलेल्या माणसाचा फोटो रिटच करायला बसलेला नवशिका हमखास एका जागी फसतो, आणि ती जागा चेहऱ्यावर नसते. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच दोऱ्याने भरलेलं हे लखनवी काम. तांदळाच्या दाण्यासारखी मुर्री, त्याहून बारीक गोल फंदा, कापडाच्या उलट्या बाजूने भरलेला बखिया, धागे सारून केलेली जाळी. 2008 साली या कामाला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. फोटोत ही नक्षी दिसते ती निव्वळ सावलीच्या जिवावर. टाका कापडापासून किंचित उचललेला असतो, त्याची केसाएवढी सावली शेजारी पडते आणि तेवढ्यावर डोळ्याला फूल दिसतं. नवशिका चेहरा उजळावा म्हणून अख्ख्या फोटोचा उजेड वाढवतो. चेहरा खुलतो, कुर्त्यावरच्या सावल्या मात्र साफ जातात. कारागिरणीने दिवसेंदिवस खपून भरलेलं काम एका स्लायडरने धुऊन निघतं आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण इतका वेळ तो गालावरचा एक मुरूम बघत बसलेला असतो.

मग तो फोटो घरी दाखवतो. घरचे म्हणतात, मस्त! मित्र अंगठा दाखवतात. लखनौसारख्या अदबीबद्दल नावाजलेल्या शहरात ‘बहुत खूब’ मिळायला फार वेळ लागत नाही. कुर्त्याबद्दल कुणीच काही बोलत नाही, कारण मूळ फोटो कुणी पाहिलेलाच नसतो.

रिटचिंग शिकणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. चित्र काढणारा कागदावर काहीतरी वाढवत जातो, त्यामुळे त्याची चूक समोर दिसते. रिटचिंग करणारा बहुतेक वेळा काहीतरी काढून टाकतो. जे उरलं तेच बघणाऱ्याच्या समोर येतं आणि ते बहुधा गुळगुळीत, स्वच्छ, छान दिसतं. म्हणून या कामावर अभिप्राय देणाऱ्याने आधी एकच गोष्ट सांगायची असते: काय गेलं. आणि ते सांगता यावं म्हणून मागणाऱ्याने मूळ फोटो सोबत ठेवायचा असतो.

ही रीत जवळजवळ फोटोग्राफीइतकी जुनी म्हणावी लागेल. 1855 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगलने रिटच केलेल्या निगेटिव्हवरचा प्रिंट मांडला आणि त्याच्या शेजारी त्याच चेहऱ्याचा रिटच न केलेला प्रिंटही ठेवला. लोकांनी दोन्ही बघितले आणि फरक त्यांचा त्यांना कळला. त्याच सुमारास मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद. सभेत सभासद आपापली छायाचित्रं मांडत, त्यांवर चर्चा होई. म्हणजे कॅमेरा या देशात रुळण्याआधीच चारचौघांत काम मांडून बोलणी खाण्याची सोय झाली होती.

लखनौही मागे नव्हतं. हुसेनाबाद इमामबाड्याचा दरोगा अहमद अली खान, ज्याला लोक छोटे मियाँ म्हणत, तो 1850 च्या दशकात तिथे व्यक्तिचित्रं टिपत होता. नवाबी दरबारातली माणसं आणि शहरातली इंग्रज कुटुंबं, दोघेही त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसले. 1857 च्या वेढ्यात त्यांतले कितीतरी इंग्रज मेले आणि छोटे मियाँने काढलेले फोटो त्यांची शेवटची आठवण ठरले. त्याचे अल्बम आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुढे दरोगा अब्बास अली या नगरपालिकेतल्या अभियंत्याने 1874 मध्ये लखनौच्या इमारतींचा अल्बम काढला, त्याच वर्षी तिथल्या गायिका-नर्तकींच्या चोवीस व्यक्तिचित्रांचा एक, आणि 1880 मध्ये अवधच्या राजे-तालुकदारांचा. चेहरे टिपायची हौस या शहराला जुनी आहे.

त्या काळच्या चेहऱ्यांबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तेव्हाच्या रसायनांना सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा प्रकाश त्यांच्यावर भराभर उमटे, तांबडा जवळजवळ उमटतच नसे. त्यामुळे गालावरचा लालसर पुरळ, वांग, डोळ्यांखालची तांबूस छटा हे सगळं प्रत्यक्षात होतं त्यापेक्षा गडद येई. गव्हाळ, सावळी त्वचा तर आणखीच काळी पडे. सगळ्या रंगांना दाद देणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या 1906 च्या सुमारास, आणि त्यानंतरही स्वस्त काचा बरीच वर्षं चालल्या. तेव्हा जुन्या स्टुडिओतला रिटचर चेहऱ्याला खोटं रूप देत होता असं सरसकट म्हणता येत नाही. पुष्कळदा तो रसायनांनी केलेली चूक दुरुस्त करत होता.

आणि ती दुरुस्ती बघण्यासारखी असे. उतरत्या पाटीचं एक लहान मेज, पाटीत काच, खालून आरशाने वर फेकलेला उजेड. काचेवर निगेटिव्ह. तिच्यावर आधी चिकटसर द्राव चोळायचा, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिल कडक शिशाची, घासून सुईसारखी केलेली. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो. त्या ठिपक्यात स्वल्पविरामाएवढे फटकारे भरत गेलं की तेवढा भाग प्रिंटमध्ये उजळतो. पेन्सिलीने फक्त उजळवता येई. काही गडद करायचं तर चाकूच्या टोकाने निगेटिव्ह खरवडायची. पेन्सिलीची चूक द्राव पुसून काढता येत असे, चाकूची कायमची. साहजिकच उमेदवाराच्या हातात चाकू उशिरा यायचा आणि उस्ताद मागे उभा असायचा. आज सॉफ्टवेअरमध्ये ‘अनडू’ आहे, पण मागे उभं राहणारं माणूस गेलं. नवशिक्याला अभिप्राय मागत फिरावं लागतं ते त्यामुळे.

तर अभिप्राय कसा असावा? मराठी माणसाला लखनौ ठाऊक असतं ते पं. विष्णु नारायण भातखंड्यांमुळे. 1926 साली त्यांच्या पुढाकाराने तिथे मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय निघालं आणि पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. तालमीत बसलेल्याला गुरू ‘छान गायलास’ एवढ्यावर सोडत नाही. अमुक तानेत गंधार उतरला, असं बोट ठेवून सांगतो. फोटोवरचा अभिप्रायही असाच जागेवर बोट ठेवणारा हवा. ‘जरा नैसर्गिक वाटत नाही’ हे वाक्य ऐकून शिकणाऱ्याने करायचं काय?

समजा, चिकनचा कुर्ता घातलेल्या विशीतल्या मुलीचा खिडकीतल्या उजेडात काढलेला फोटो समोर आहे. मूळ आणि रिटच केलेला, दोन्ही. जाणता माणूस आधी फोटो लहान करून बघेल, हाताच्या अंगठ्याएवढा. त्या आकारात चेहरा गळ्यापेक्षा वेगळ्या रंगाचा दिसला, तर चेहऱ्यावर जास्त काम झालंय आणि गळा विसरला गेलाय. मग तो फोटो मोठा करेल. गालावर रंध्रं आहेत का? कपाळावर आहेत आणि गालावर नाहीत, असं असेल तर ब्रश कुठे फिरला ते नकाशासारखं समजतं. नंतर केसांची कड. कपाळावरचे बारीक केस पुसले गेले की केस टोपासारखे बसवलेले वाटतात, नवशिक्यांच्या कामात हा दोष फार. डोळ्यांतला चकाकणारा ठिपका खिडकीच्याच दिशेला आहे ना? बुबुळाभोवतालचा पांढरा भाग कागदासारखा पांढरा केलाय का? खऱ्या डोळ्यात तो किंचित राखाडी असतो, वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. दातांचंही तेच. नथ किंवा झुमका असेल तर त्याची सावली त्वचेवर शाबूत आहे का ते बघायचं. डाग पुसताना ती सावली बरेचदा डागासोबत जाते आणि झुमका हवेत लटकतो. सगळ्यात शेवटी कुर्ता. सॉफ्टवेअरमध्ये उजेड 0 ते 255 अशा आकड्यांत मोजतात. 255 म्हणजे कोरं पांढरं, तिथे कापडाची काही माहिती शिल्लक नाही. टाके दिसायला हवे असतील तर कुर्त्याचा बराचसा भाग 235-245 च्या आसपास राहायला हवा.

अशी दहा मिनिटांची चिकित्सा शंभर ‘मस्त’पेक्षा जास्त शिकवते. ती करायला समोरचा माणूस मोठा फोटोग्राफरच हवा असंही नाही. चिकनचं काम करणारी बाई कुर्त्याबद्दल जे सांगेल ते कुणीही सांगणार नाही. मेकअप करणारी मुलगी गळ्याचा रंग क्षणात ओळखते. फोटोतल्या मुलीची आई तर न विचारताच सांगते, हिच्या भुवईजवळची ती खूण कुठे गेली?

त्या खुणेबद्दल या धंद्यात एक सोपा नियम पाळतात. दोन आठवड्यांत आपोआप जाणारं असेल, म्हणजे मुरूम, ओरखडा, झोप न झाल्याची लाली, तर काढायला हरकत नाही. कायमचं असेल, म्हणजे तीळ, व्रण, खळी, तर माणसाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नियम लहान आहे, पण त्याने निम्म्या तक्रारी वाचतात.

न विचारता हात लावला की काय होतं ते मोठ्या मासिकांनीही अनुभवलंय. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या ‘ग्राझिया’ मासिकाने अभिनेत्री लुपिता न्योंगोचा फोटो मुखपृष्ठावर छापला, त्यात तिचे मागे बांधलेले कुरळे केस पुसून डोक्याची कड गुळगुळीत केलेली. न्योंगोने मूळ फोटो आणि छापलेला फोटो शेजारी ठेवून लोकांना दाखवले आणि छायाचित्रकाराला जाहीर माफी मागावी लागली. 1994 च्या जूनमध्ये ‘टाइम’ने ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर अंधारा, गडद करून छापला. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर तोच फोटो न बदलता होता. पेपरवाल्याच्या ठेल्यावर दोन्ही अंक शेजारीशेजारी लागले आणि कृष्णवर्णीय आरोपीची त्वचा आणखी काळी केल्याचा आरोप ‘टाइम’वर झाला. संपादकांचा हेतू काय होता हा वाद निराळा. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या अंकाने अभिप्रायाचं काम परस्पर केलं, एवढं खरं.

नवशिक्याला सर्वांत जवळची गोष्ट मात्र ब्रिटनच्या राजघराण्यातली. 10 मार्च 2024 रोजी, तिकडच्या मातृदिनाला, वेल्सच्या राजकन्या केट यांचा मुलांसोबतचा फोटो प्रसिद्ध झाला. काही तासांत असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स, एएफपी अशा मोठ्या वृत्तसंस्थांनी तो मागे घेतला, कारण मुलगी शार्लटच्या बाहीची कड मनगटाजवळ जुळत नव्हती. दुसऱ्या दिवशी केट यांनी माफी मागितली: अनेक हौशी फोटोग्राफरांप्रमाणे आपणही अधूनमधून फोटोवर प्रयोग करतो, असं त्यांनी सांगितलं. प्रसिद्ध करण्याआधी कुणा एकाला दाखवून ‘यात काय खटकतंय?’ एवढं विचारलं असतं, तर ती बाही कुणाच्या तरी नजरेला आली असती. कडा, बाह्या, बोटं, दागिने: रिटचिंगची चूक बहुधा चेहऱ्याच्या बाहेर सापडते, कारण काम करणारा चेहऱ्याबाहेर बघतच नाही.

आपल्याकडे एक दोष वेगळा मोजायला हवा, रंग उजळवण्याचा. स्टुडिओत फोटो काढायला गेलेल्या सावळ्या मुलीचा फोटो दोन छटा गोरा होऊन परत येणं हे इतकं सरावाचं झालंय की ती सेवा समजली जाते. 2014 साली जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या ‘ॲस्की’ या संस्थेने गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींसाठी नियम आणले. गडद रंगाला कमी लेखायचं नाही, असा त्यांचा रोख. 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’नेही नाव बदललं. स्टुडिओतल्या स्लायडरपर्यंत यातलं फार थोडं पोचलं. शिकणाऱ्याच्या कामावर अभिप्राय देताना हे स्पष्ट विचारलं पाहिजे: मुलीचा रंग बदललास, तो कुणी सांगितला म्हणून? गोरं केलेल्या सावळ्या चेहऱ्याचा तांत्रिक तोटाही आहे. सावळ्या त्वचेवर गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर उजेड चमकतो आणि त्यातूनच चेहऱ्याचा आकार कळतो. सगळंच उजळवलं की ती चमक बुडते आणि चेहरा सपाट होतो. त्वचेच्या आकड्यांत तांबडा सर्वांत जास्त, मग हिरवा, निळा सर्वांत कमी, ही उतरण राहिली पाहिजे. निळा हिरव्याच्या वर गेला की चेहऱ्यावर जांभळट झाक येते.

आता अभिप्राय मागणाऱ्याची बाजू. फोटोतल्या व्यक्तीची परवानगी आधी, हे वेगळं सांगायला नको होतं, पण सांगावं लागतं. मूळ फोटोवर थेट ब्रश चालवणाऱ्याला अभिप्रायाचा उपयोग होत नाही, कारण मागे जायची वाट बंद झालेली असते. प्रत्येक काम वेगळ्या लेयरवर ठेवलं, डाग काढणं एकावर, उजेड-सावली दुसऱ्यावर, रंग तिसऱ्यावर, तर बघणारा एकेक लेयर झाकून नेमकी चूक कुठे झाली ते दाखवू शकतो. फोटोशॉपमध्ये लेयर आले 1994 ला आणि डाग पुसणारा हीलिंग ब्रश 2002 ला. फुकट मिळणाऱ्या ‘गिंप’मध्येही दोन्ही आहेत, तेव्हा पैशाची सबब नको. त्वचा सारखी करायला धूसरपणा वापरण्यापेक्षा करड्या लेयरवर हलक्या ब्रशने उजेड-सावली सारखी करणं वेळखाऊ आहे, पण रंध्रं जागेवर राहतात. लेयरची तीव्रता शंभर टक्के ठेवून काम संपवायचं आणि मग ती साठ-सत्तरवर आणायची, हाही चांगला सराव. चार तास बसल्यावर डोळे बधिर होतात आणि जास्त झालेलं नेहमीचंच वाटायला लागतं. फोटो आरशासारखा उलटा करून बघितला की बधिर झालेली नजर थोडी जागी होते. रात्र जाऊ दिली तर आणखी बरं.

पाठवण्यातही गोम आहे. मेसेजिंग ॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि रंध्रं, टाके, केस सगळ्यांचा चिखल होतो. मग समोरचा म्हणतो त्वचा फार गुळगुळीत झाली, आणि दोष ॲपचा असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. बघणाऱ्याच्या मोबाइलवर रात्रीचा पिवळा उजेड चालू असेल तर रंगाबद्दलचं त्याचं मत बाद धरावं. आणि प्रश्न नेमका विचारावा. ‘कसा वाटला?’ याला ‘छान’ याखेरीज उत्तर नाही. ‘डाव्या गालाचा आणि गळ्याचा रंग जुळतोय का?’ असं विचारलं की उत्तरही तितकंच नेमकं येतं.

फोटो कशासाठी आहे हेही सांगितलं पाहिजे. लग्नाच्या अल्बममध्ये थोडी सजावट चालते. स्थळ म्हणून पाठवायच्या फोटोत ती भांडणाचं कारण होऊ शकते. पासपोर्टच्या फोटोत तर सॉफ्टवेअरने चेहऱ्यात बदल चालतच नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं फोटोवर लिहावं लागतं, नॉर्वेने 2022 पासून असाच नियम केला.

एक जात मात्र अशी आहे जिथे अभिप्राय देऊ शकणारी माणसं मोजकी असतात आणि वयाने थकलेली असतात: जुन्या कौटुंबिक फोटोची दुरुस्ती. लखनौच्या अमीनाबादेत काय आणि पुण्याच्या पेठेत काय, बुरशी लागलेला, मधून दुमडलेला आजोबांचा फोटो घेऊन कुणी तरी दुकानात येतंच. आता हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं काही सेकंदांत करून देतात. पण फाटलेल्या जागी डोळा नसेल तर ते साधन डोळा शोधत नाही, नवा काढतं, हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून शिकलेला. फोटो स्वच्छ येतो, नाकडोळे रेखीव येतात आणि माणूस दुसराच असतो. नातवंडांना ते कळत नाही, त्यांनी आजोबांना पाहिलेलं नसतं. कळतं ते ऐंशीच्या घरातल्या आत्याला. म्हणून असं काम शिकणाऱ्याने मूळ फोटो 600 डीपीआयला स्कॅन करून न बदलता जपावा, यंत्राने भरलेला भाग वेगळ्या लेयरवर ठेवावा आणि प्रिंट काढण्याआधी दोन्ही फोटो घेऊन आधी आत्याकडे जावं. ती म्हणाली, ‘दादांच्या भुवया अशा नव्हत्या, जुळलेल्या होत्या’, तर तो लेयर काढायचा आणि भुवया पुन्हा हाताने भरायच्या.